इंदूरचं नर्सिंग रिफ्रेशर केंद्र: सोंडव्याहून येणाऱ्या सिस्टरचा रिव्ह्यू

फी साडेचार हजार रुपये. त्यात इंदूरमध्ये तीन दिवसांचं प्रशिक्षण, राहणं-जेवण आणि पुढे वर्षभर फोनवरची मदत. सरकारी खर्चाने नाही, आपल्याच खिशातून. आडगावातल्या नर्सने एवढे पैसे घालावेत का, असं आमच्या ब्लॉकमध्ये नव्याने आलेल्या मुली सारख्या विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. केंद्राचं नाव लिहीत नाही. एक तर मला नोकरी करायची आहे, आणि दुसरं म्हणजे पुढे जी कुरकुर करणार आहे ती नाव घेऊन चव्हाट्यावर मांडण्याइतकी मोठी नाही. ज्यांना जायचंय त्यांनी एमवायमधल्या, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या, कुठल्याही जुन्या सिस्टरला विचारावं, पत्ता मिळेल.

मी इंदूरच्या रामबागेतली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, इंदूरलाच केली, नोकरी मात्र अलीराजपूर जिल्ह्यात, सोंडवा ब्लॉकमधल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात), नर्मदेच्या अंगाला. २०११च्या जनगणनेत देशातली सर्वात कमी साक्षरता ज्या जिल्ह्यात निघाली तो हा जिल्हा. काही फलिये, म्हणजे पाडे, असे की तिथली बाई आधी नावेत बसते, मग जीपमध्ये, मग आमच्या बाकड्यावर. डॉक्टर एकच, आणि त्यांना मीटिंगा, पोस्टमॉर्टेम, कोर्टाच्या साक्षी. रात्री लेबर रूममध्ये मी, एक आया आणि बाईला घेऊन आलेली आशा. बस्स.

आधी हे सांगते की फुकटचं सरकारी प्रशिक्षण सोडून इथे धावू नका. बाळंतपण करण्यासाठी एसबीएचं २१ दिवसांचं, नवजात बाळासाठी एनएसएसकेचं दोन दिवसांचं, लेबर रूममधल्या कामासाठी दक्षताचं तीन दिवसांचं, जे मिळेल ते आधी पदरात पाडून घ्या. मीही घेतलंय आणि त्यावरच उभी आहे. पण त्यानंतर काय? शिकून परत गेलं की आपण आणि आपली खोली. गरोदरपणात बीपी वाढून झटके येणारी पेशंट वर्षातून एखादीच येते, आणि जे वर्षातून एकदाच करायचं ते हात विसरतात. डोक्याला प्रोटोकॉल पाठ असतो, हातांना नसतो. हे केंद्र मला आवडलं ते एवढ्याचसाठी, की त्यांना ही गोष्ट कळली आहे.

पहिला दिवस मात्र अगदीच वाया. सकाळभर स्लाइड्स, त्याही इंग्रजीत, आणि वाचून दाखवणारे सर खुर्चीवरून न उठता वाचत होते. नर्सिंग कमिशनचा २०२३चा कायदा आला, १९४७चा जुना जाणार, मिडवाइफरीसाठी १८ महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, हे सगळं माहीत असायला हवं, कबूल. पण ते अर्ध्या तासात सांगून झालं असतं. माझ्या शेजारची झाबुव्याची मुलगी रात्रपाळी करून थेट बसमध्ये बसलेली, ती बिचारी वहीवर डोकं टेकून झोपली आणि तिला कुणी उठवलं नाही. तेवढा शहाणपणा त्यांच्यात आहे.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या स्किल रूममध्ये नेलं आणि पैसे वसूल व्हायला लागले. तिथे एक निवृत्त मॅट्रन आहेत, आपल्याच, मराठी. बाकी सगळ्यांशी हिंदीत बोलतात, माझं आडनाव ऐकल्यावर माझ्याशी मराठीत सुरू झाल्या, आणि मराठीत त्या जास्त टोचून बोलतात. त्यांनी स्वतः कमरेला मामानॅटली बांधली. मामानॅटली म्हणजे पोटावर बांधायचा प्रसूतीचा मॉडेल: आत बाहुली, वार, आणि लाल पाण्याची टाकी. ज्याने बांधलंय तोच कळा देतो, ओरडतो आणि टाकीची तोटी सोडतो. मॅट्रनबाई असल्या नटी आहेत की विचारू नका. आधी 'सिस्टर, पानी दो', मग सासूला शिव्या, आणि एकीकडे बोलता बोलता गुपचूप तोटी सोडलेली. मी ब्लडप्रेशर घेत होते आणि माझ्या चपलेला लाल पाणी लागलं तेव्हा त्या थंडपणे म्हणाल्या, "अगं, हात कुठे आहेत तुझे? बाई चाललीये माझी."

मग तिथून पुढे तासभर तेच. बाळ बाहेर आल्याच्या पहिल्या मिनिटात ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत, हे सगळ्यांना येतं. रक्त थांबलं नाही तर पुढे काय, ते क्रमाने आणि एकदम कसं करायचं यावर खरा भर. गर्भाशय चोळणं, लिटरभर सलाइनमध्ये ऑक्सिटोसिन २० युनिटची ड्रिप, मूत्राशय रिकामं करणं, पहिल्या तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत हळूहळू, आत हात घालून दोन्ही हातांनी दाब. आणि सुरुवातीपासून बाईच्या खाली रक्त साठवून मोजणारा, मोजपट्टी असलेला प्लास्टिकचा ड्रेप. 'दोन कापडं भिजली' असं आपण लिहितो, ते बंद. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथला मोठा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. त्यात ड्रेपने लवकर ओळखून सगळे उपाय एकदम सुरू केल्यावर गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं ऑपरेशन आणि मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. हे सांगून मॅट्रनबाई पुढे म्हणाल्या, की असा ड्रेप पूर्वीच आपल्या बेळगावच्या संशोधनात वापरला होता. तिथल्या खेड्यांत गर्भाशय आकुंचन पावायला मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या देऊन पाहिल्या, ते काम २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं, आणि त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरच्या नर्स होत्या. हे ऐकून खोलीतल्या एएनएम मुली जरा ताठ बसल्या. मला वाटतं ते वाक्य त्यांनी मुद्दाम ठेवलेलं असणार.

झटक्यांचा सराव त्याहून भारी. मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस आपल्याकडे १० ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम खोल. ५० टक्क्यांच्या एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे दहा अँप्यूल फोडायच्या. कागदावर ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात बाई टेबलावर आखडलेली, नवरा दारात, आणि तुम्ही दहा काचा फोडताय. मॅट्रनबाईंनी पाण्याच्या अँप्यूल दिल्या, दिवे घालवले आणि टॉर्च आयाच्या हातात दिला. 'तुमच्याकडे लाइट जाते ना? मग.' पहिल्या खेपेला निम्म्या जणींची बोटं कापली. दुसऱ्या खेपेला आम्ही आपोआप वाटून घेतलं: एक फोडते, गॉजमध्ये धरून, एक ओढते, रिकाम्या अँप्यूल एका ट्रेमध्ये ओळीने, म्हणजे मोजणी चुकत नाही. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये मी वाचलेलं नाही. शिवाय मॅग्नेशियम जास्त झालं तर त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, आधी काढून ठेवायचं, नंतर शोधायचं नाही. मी परतल्यावर आमच्या ट्रेमध्ये दोन्ही औषधं एकाच पिशवीत रबरबँड लावून ठेवली, वर मोठ्या अक्षरात लिहून.

बाळाला श्वास देण्याच्या अंबू बॅगचा भागही चांगला, पण तो एनएसएसकेमध्ये झालेला असतो. नवीन एवढंच की मास्क बसला की नाही ते छाती हलते का यावरून ओळखायचं, आवाजावरून नाही, हे त्यांनी बाहुलीवर प्रत्येकीकडून करून घेतलं, मिनिटाला ४० ते ६० च्या गतीने, हात दुखेस्तोवर.

तिसऱ्या दिवशी सापाचा तास होता आणि मला वाटलं होतं की तो भरतीचा असेल. उलट आमच्यासाठी तोच सगळ्यात कामाचा निघाला. आपलं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. घोणस-फुरशाने रक्त गोठायचं थांबतं, आणि ते पाहायला लॅब लागत नाही: काचेच्या कोरड्या, स्वच्छ परीक्षानळीत थोडं ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करायचं. वाहिलं तर विष चढलंय. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही आणि उगाच विषबाधा वाटते. साबणाने धुतलेलीही चालत नाही. आमच्या पीएचसीत सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या. येताना मी सियागंजातून काचेच्या नळ्यांचं एक खोकं घेतलं, गठरीत साड्यांमध्ये गुंडाळून बसने आणलं. सुरुवातीचा डोस दहा व्हायल्स, औषधाची रिअॅक्शन आली तर हाताशी अॅड्रिनलिन भरलेलं, हे सगळं गिरवून घेतलं. शिकवणारा तरुण डॉक्टर स्वतः धारजवळच्या खेड्यातला होता, त्यामुळे भगताकडे आधी नेलेल्या पेशंटशी आणि त्याच्या माणसांशी कसं बोलायचं यावर तो फार समजून बोलला. 'भगताला शिव्या घालू नका, तो पुढचा पेशंट तुमच्याकडे पाठवील असं बोला.' हे मला शंभर टक्के पटलं.

आता कुरकुर. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला त्यांनी जेमतेम अर्धा तास दिला, तोही जेवणानंतर. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ला आमच्याच राज्यात, शहडोलला सुरू झालं, २०४७चं उद्दिष्ट आहे, हे सांगून झालं आणि कार्डांचे रंग दाखवून झाले. पण भिल-भिलाला भागातल्या नर्सला तपासणी शिकवायची गरज नाही, तपासण्या आम्ही ढीगभर करतो. आम्हाला हवंय ते हे की सिकलसेलची गरोदर बाई हाडं दुखताहेत म्हणून कण्हत आली तर रात्री काय द्यायचं, किती पाणी, वेदनेवर काय, कधी हलवायचं, आणि हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या घेणाऱ्या तरुण मुलीशी गर्भाबद्दल आधीच काय बोलायचं. फीडबॅकच्या कागदावर मी लिहिलं. पुढच्या बॅचला तास वाढवलाय असं ऐकते.

दुसरी कुरकुर तारखांची. आमची बॅच त्यांनी भगोरियाच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी हाट-जत्रांच्या आठवड्यात ठेवली होती. इंदूरात बसून कॅलेंडर पाहणाऱ्याला होळीची सुट्टी दिसते, हाट दिसत नाही. त्या दिवसांत गुजरातेत मजुरीला गेलेली सगळी माणसं घरी येतात, आणि त्यांच्यात सात-आठ महिन्यांच्या बायाही, ज्यांना आम्ही त्याआधी कधी पाहिलेलंच नसतं. ना कार्ड, ना हिमोग्लोबिन. नेमक्या त्याच आठवड्यात नर्सला तीन दिवस बाहेर काढणं म्हणजे कमाल आहे. माझ्या जागी शेजारच्या सेक्टरच्या सिस्टरने डबल ड्युटी केली म्हणून मी जाऊ शकले. बदली नर्सची सोय केंद्र करत नाही, करूही शकत नाही, पण निदान विचारून तारखा ठरवाव्यात.

होस्टेलबद्दल दोन शब्द. मी माहेरी रामबागेत राहिले, त्यामुळे मला त्रास नाही, पण राहणाऱ्या मुलींनी सांगितलं की डास भरपूर, गरम पाणी सहालाच संपतं, आणि गेट रात्री नऊला बंद. इंदूरला आलेल्या मुलीला नऊला कोंडायचं म्हणजे सराफा बाजार दाखवायचाच नाही! तिथे दुकानं बंद होऊन खाऊगल्ली सुरू व्हायचीच ती वेळ. शेवटच्या दिवशी मी तिघींना माझ्या जबाबदारीवर बाहेर काढलं, रजिस्टरमध्ये सही करून, आणि भुट्टे का कीस खायला घातलं. नाश्त्याला पोहे-जिलबी, पोह्यांवर जीरावन मसाला मारून. पोह्यांना नाव ठेवायला जागा नाही. जेवण मात्र लग्नातल्या दुसऱ्या पंगतीसारखं, सगळं थोडं थोडं उरलेलं.

सर्टिफिकेटबद्दल आधीच विचारून घ्या. नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबाने पाच वर्षांत १५० तासांचं सीएनई, म्हणजे नोकरीतलं पुढचं शिक्षण, लागतं, आणि प्रत्येक कोर्सचे तास त्यात धरले जातातच असं नाही. मला मिळालेल्या कागदावर तास छापलेत, पण क्रेडिटचा नंबर नव्हता. विचारल्यावर 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाले. ज्यांना तासांचीच घाई आहे त्यांनी लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आता वर्षभराची मदत, ज्याच्यासाठी मी खरं तर फी भरली. तीन भाग आहेत त्याचे. बुधवारी संध्याकाळी व्हिडिओवर केस सांगायची: एक नर्स आपला पेशंट मांडते, बाकीच्या प्रश्न विचारतात, शेवटी एक तज्ज्ञ बोलतो. ही पद्धत न्यू मेक्सिकोतल्या प्रोजेक्ट एको नावाच्या उपक्रमातली, जगभर चालते. कल्पना उत्तम, पण आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी नेटवर्क असेल तर. मी ऐकते जास्त, दिसते कमी.

दुसरा भाग, एक मेंटर वर्षातून तुमच्याकडे येते. माझ्याकडे जी आली ती इंदूरच्या गंगवाल स्टँडवरून बसने आली आणि फाट्यापासून मोटारसायकलवर. तिने तपासणी केली नाही, रात्रपाळी केली. माझ्याबरोबर जागली. सकाळी एवढंच म्हणाली, की ताई, बाळाचा वॉर्मर टेबलापासून सहा पावलांवर आहे, अंबू बॅग तिसऱ्या कपाटात. वॉर्मर इकडे ओढा. सॉकेट तिकडे होता म्हणून तो तिकडे होता, वर्षानुवर्षं. एक्स्टेन्शन बोर्ड लावला, वॉर्मर ओढला. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत राहतंय का तेही तिने पाहिलं, आणि लाइट गेल्यावर ते कुठे ठेवायचं याची जागा ठरवून दिली.

तिसरा भाग म्हणजे फोन. चोवीस तास, आळीपाळीने जुन्या सिस्टर उचलतात. ई-संजीवनी ही व्हिडिओवर डॉक्टर भेटण्याची सरकारी सेवा २०१९पासून आहे आणि ओपीडीच्या पेशंटसाठी मी ती वापरते, डॉक्टर समोर दिसतात, औषध लिहून मिळतं. पण रात्री अडीचला हात रक्तात असताना ते साधन कामाचं नाही, त्यासाठी ते बनवलेलंच नाही. पावसाळ्यात एका रात्री गुजरातेतून परतलेली बाई आली, पाचवं बाळंतपण, पांढरीफटक. बाळ ठीक, वार पूर्ण, आणि गर्भाशय मळलेल्या कणकेसारखं मऊ. ड्रेपवर पाचशे मिलीची रेघ ओलांडलेली. आमच्या लेबर रूममध्ये नेटवर्क फक्त खिडकीच्या कट्ट्यावर मिळतं, म्हणून आशाने फोन तिथे स्पीकरवर ठेवला. उचलणाऱ्या नेमक्या मॅट्रनबाई. त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. ड्रेपवर किती? ड्रिप चालू? ट्रॅनेक्झॅमिक कुणाच्या हातात आहे? कॅथेटरमध्ये लघवी किती आली? मी सांगत गेले. मग म्हणाल्या, "घाबरलीयेस ना? घाबर. पण हात काढू नकोस." जननी एक्सप्रेस, म्हणजे बाळंतिणींची गाडी, येईपर्यंत तासाच्या वर त्या फोनवर होत्या, मधेमधे नुसत्या 'हं' म्हणत. हाताखाली गर्भाशय कडक झालं तेव्हा मी आधी त्यांना सांगितलं, मग नवऱ्याला. बाईला जिल्हा रुग्णालयात रक्त चढलं, ती घरी गेली.

त्या रात्री त्यांनी मला माहीत नसलेलं काहीही सांगितलं नाही. माझ्या मते या सेवेचं मोल तेच आहे. मला सगळं येत होतं, पण एकटीला येत असणं आणि कुणी ऐकत असताना करणं यात फरक पडतो, आणि तो फरक पेशंटला लागू पडतो. तिसऱ्या दिवशी त्यांचा परत फोन आला, जेवतेस का, झोपतेस का म्हणून. तेवढं आमच्या खात्यातल्या वरिष्ठांपैकी कुणी कधी विचारलेलं मला आठवत नाही.

फोनची एक अडचण आहे. उचलणाऱ्या सगळ्याच मॅट्रनबाई नसतात. एकदा एका सिस्टरने मला 'डॉक्टरला बोलवा' असं सांगितलं. डॉक्टर असते तर तुम्हाला कशाला लावला असता, बाई? ज्यांनी कधी आडगावात नोकरी केली नाही त्यांना या फोनवर बसवू नये. हेही लिहून दिलंय.

कुणी जावं? ज्या पीएचसीत प्रसूती होतात आणि रात्री डॉक्टर नसतो, तिथल्या नर्सने जावं, शक्य असेल तर त्याच जागेवरच्या दोघींनी, वेगवेगळ्या बॅचमध्ये. अँप्यूल फोडायला दुसरी हवी, आणि तीही शिकलेली हवी. उपकेंद्रावरच्या सीएचओ (आरोग्य अधिकारी) मुलींना सापाचा तास आणि बुधवारची बैठक उपयोगी, बाकीचं त्यांच्या कामात कमी येतं. इंदूरच्या मोठ्या खासगी हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी साडेचार हजार दुसरीकडे घालावेत, तुमच्याकडे बेल दाबली की चारजण धावून येतात.

जाताना सुती साडी किंवा जुना ड्रेस न्या, लाल रंग निघत नाही. स्वतःचे ग्लव्हज न्या, त्यांच्याकडे मोठ्या मापाचेच असतात. फी दोन हप्त्यांत भरता येते. ऑफिसातल्या बोर्डावर ते लिहिलेलं नाही, खिडकीशी विचारावं लागतं.